पाच तोळे म्हणजे नक्की किती? रेणूंच्या दुनियेतल्या मापांची गोष्ट

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे मात्र लिहिताना पुन्हा एकदा तपासलेत.)

हेडफोन लावलेत ना? आज थोडी आकडेमोड आहे, पण घाबरू नका. सुरुवात सोन्यापासून करते.

गेल्या दिवाळीत मी भडगावला घरी गेले होते. आजीच्या मनात आलं की आपल्या पाटल्या दोन्ही नातींना आत्ताच वाटून टाकाव्यात. पाटल्या तिच्या लग्नातल्या. तेव्हाच्या वहीत स्पष्ट लिहिलेलं: पाटल्या, पाच तोळे. काकांनी वहीवरूनच हिशोब मांडला. पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम, दोघींना पंचवीस-पंचवीस. विषय संपला.

पण बाबा म्हणाले, एकदा वजन करून तरी घेऊ. जळगावला सराफाच्या काट्यावर ठेवल्या, तर अठ्ठावन्न ग्रॅमच्या जरा वर! काका म्हणाले, काटा चुकलाय. दुसऱ्या काट्यावर ठेवल्या, तरी तेच. आजी आपल्या अहिराणीत म्हणाली, "सोनं काय वावरमा पेरेल व्हतं का वाढाले?" सोनं काय शेतात पेरलं होतं का वाढायला!

सराफ हसले. म्हणाले, "आजी, तुमचा तोळा जुना आहे."

बघा, जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. इंग्रजांनी १८३३ साली तो पक्का केला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. मग १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि १९६२ पर्यंत शेर-मण व्यवहारातून बाद झाले. तोळा कायद्यातून गेला, पण तोंडातून गेला नाही. आज सराफ बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. शब्द तोच, माप वेगळं. वहीवर विसंबलो असतो तर आठ ग्रॅम सोनं हिशोबातून गायब झालं असतं, आणि कुणी चोर म्हणून सापडलाही नसता.

आता तुम्ही म्हणाल, ताई, इतिहासाच्या पॉडकास्टवर तोळ्याचं काय? तर आजची गोष्ट तोळ्याची नाहीच. ती आहे रेणूंचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅमांची. तिथेही असंच आहे. एका घरातली वही दुसऱ्या घरात वाचली जाते, आणि आठ ग्रॅम गायब होतात. माझ्या हातून झालेत. ते पुढे सांगते.

गोळे आणि स्प्रिंगा

आधी दोन मिनिटांत विषय समजून घेऊ. एखादं औषध शरीरातल्या प्रथिनाला कसं चिकटतं, पाणी पेशीच्या पडद्यातून कसं जातं, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये अणू म्हणजे गोळे आणि बंध म्हणजे स्प्रिंगा असं धरतात, आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही अतिबारीक तुकड्यांत ते सगळं पुढे हलवत नेतात. प्रत्येक स्प्रिंग किती ताठ, तिची मूळ लांबी किती, कोन किती अंशांचा, दोन अणू एकमेकांना कुठपर्यंत ओढतात आणि कुठून ढकलतात, या सगळ्या आकड्यांची एक मोठी यादी असते. त्या यादीला आणि ती ज्या सूत्रांत बसते त्या सूत्रांना मिळून म्हणतात फोर्स फील्ड.

म्हणजे ही एक वहीच झाली. आणि वही आली की प्रश्न आला: कुणाच्या मापात लिहिली आहे?

तीन घरं, तीन वह्या

हैदराबादला जन्मलेले अनीसुर रहमान १९६४ साली अमेरिकेत आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत काम करत होते. त्यांनी द्रवरूप आर्गॉन वायूचे ८६४ अणू कॉम्प्युटरवर हलवून दाखवले. खऱ्याखुऱ्या द्रवाचं अशा पद्धतीचं हे पहिलं मोठं काम मानतात. त्यात आर्गॉनच्या दोन अणूंमधली ओढ त्यांनी लिहिली १२० केल्विन. केल्विन! म्हणजे ऊर्जा तापमानात सांगितली. भौतिकशास्त्रज्ञांना ते सोयीचं पडतं. हाच आकडा रसायनशास्त्रज्ञ लिहितील ०.२३८ किलोकॅलरी प्रति मोल. आणि युरोपातला कुणी लिहील ०.९९८ किलोज्यूल प्रति मोल. अणू तोच, ओढ तीच, आकडे तीन.

मग घरं वाढली. १९६८ साली इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये शनिओर लिफसन आणि त्यांचा विद्यार्थी एरी वॉर्शेल यांनी बऱ्याच वेगवेगळ्या रेणूंना एकच यादी लागू पडावी असं फोर्स फील्ड मांडलं. १९७७ साली मॅकॅमन, जेलिन आणि मार्टिन कारप्लस यांनी ५८ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन सुमारे ९ पिकोसेकंद हलवून दाखवलं. कारप्लस यांच्या हार्वर्डमधल्या गटातून चार्म नावाचा प्रोग्रॅम आला, त्याचा शोधनिबंध १९८३ चा. पीटर कोलमन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गटातून अँबर आला, शोधनिबंध १९८१ चा. आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला हर्मन बेरेंडसेन आणि व्हिल्फ्रेड फान गुन्स्टेरेन यांनी ग्रोमोस सुरू केला होता. त्याच गावातून नव्वदीच्या दशकात ग्रोमॅक्स निघाला. कारप्लस, मायकेल लेविट आणि वॉर्शेल या तिघांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच परंपरेला.

इथे आपल्या पुण्याचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्रोमॅक्स मुळात लिहिला गेला तो एका खास बांधलेल्या यंत्रासाठी. इंटेलच्या आय८६० या प्रोसेसरांची कडी जोडून केलेलं समांतर यंत्र. त्याच सुमाराला विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० तयार झाला, १९९१ साली. त्याच्या पाठोपाठ आलेल्या परम ८६०० मध्येही हाच आय८६० वापरला होता. ग्रोनिंगेन आणि पुणे, दोघांच्या हातात एकाच जातीची चिप. आज पुण्यातल्या क्लस्टरांवर अँबरही चालतो आणि ग्रोमॅक्सही, आणि आमच्यासारखी मुलं एका घरातली वही उचलून दुसऱ्या घरात नेत असतात.

आता मापं वेगळी का झाली? मुद्दाम कुणी घोळ घातला नाही. १९४८ साली आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेनं उष्णतेसाठीही ज्यूलच वापरा असं ठरवलं. पण रसायनशास्त्राचे जुने तक्ते कॅलरीत होते, बंधाची लांबी अँगस्ट्रॉममध्ये सांगायची सवय होती, आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी ती सोडली नाही. अँबर आणि चार्म: किलोकॅलरी, अँगस्ट्रॉम. ग्रोनिंगेनवाल्यांनी धरलं किलोज्यूल, नॅनोमीटर आणि पिकोसेकंद.

यामागे एक छान हिशोब आहे. अणूचं वस्तुमान अणुभार एककात, अंतर नॅनोमीटरमध्ये आणि वेळ पिकोसेकंदात धरली, की ऊर्जा आपोआप किलोज्यूल प्रति मोलमध्ये येते. मधे कुठलाही गुणक लागत नाही. किलोकॅलरी आणि अँगस्ट्रॉम धरले, तर वेळेचं एकक निघतं ४८.८८८ फेम्टोसेकंद. असा विचित्र आकडा पोटात घेऊन प्रोग्रॅम चालतो, वापरणाऱ्याला तो दिसत नाही इतकंच.

खंडी आणि उतारा

आता आपल्या खान्देशाकडे या. कारण यातली खरी गोम मला कापसावरून समजली.

शेतकऱ्याचा कापूस बाजारात क्विंटलवर जातो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई निघते, आणि रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो. हा कुठला आकडा? तर ७८४ पौंड. ११२ पौंडांचा जुना इंग्रजी हंड्रेडवेट, त्याचे बरोब्बर सात. पौंड गेले, इंग्रज गेले, खंडी राहिली.

आता प्रश्न: एक खंडी रुई म्हणजे किती क्विंटल कापूस?

फोनवर कन्व्हर्टर उघडून ३५६ ला शंभरनं भागलंत, तर उत्तर येतं ३.५६ क्विंटल. किलोचा हिशोब अगदी बरोबर, आणि उत्तर साफ चूक. कारण कापसात सरकी आहे. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश. याला आपल्याकडे म्हणतात उतारा. उतारा ३४ टक्के धरला, तर एका खंडीला साडेदहा क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. जिनिंगवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तो आधी विचारेल, "उतारा किती?" किलोची भानगड त्याच्या दृष्टीनं नंतरची.

फोर्स फील्डमध्ये हाच उतारा आहे, फक्त तो लपलेला आहे.

स्प्रिंगची ऊर्जा आपण बारावीत शिकलो: अर्धा गुणिले ताठपणा गुणिले ताणाचा वर्ग. ग्रोमॅक्स हेच सूत्र वापरतो. अँबर आणि चार्म तो अर्धा लिहीतच नाहीत. त्यांचं सूत्र: ताठपणा गुणिले ताणाचा वर्ग. अर्धा त्यांनी आकड्यातच मुरवून टाकलाय. दोन्ही बरोबर. पण अँबरचा आकडा ग्रोमॅक्समध्ये न्यायचा, तर कॅलरीचे ज्यूल करायला ४.१८४ नं गुणा, अँगस्ट्रॉमच्या वर्गाचा नॅनोमीटरचा वर्ग करायला १०० नं गुणा, आणि वर सूत्राचा उतारा म्हणून २ नं गुणा. एकूण ८३६.८.

उदाहरण घ्या. अँबरच्या यादीत दोन साध्या कार्बनमधला बंध आहे, ताठपणा ३१०, लांबी १.५२६. ग्रोमॅक्समध्ये तो होतो २५९४०८ आणि ०.१५२६. आकडा केवढा फुगला बघा, स्प्रिंग मात्र तीच. तीन कार्बनांच्या कोनाचा ताठपणा ४० असतो, त्याचे होतात ३३४.७२. कोन दोघांकडेही रेडियनच्या वर्गावर असतो, म्हणून इथे शंभर नाही. फक्त ४.१८४ आणि २.

अणूंच्या आकारातही असाच एक उतारा आहे. दोन अणू एकमेकांपासून कुठे सगळ्यात सुखात असतात, ते एक अंतर. त्यांच्यातली ऊर्जा कुठे शून्य होते, ते दुसरं अंतर. पहिलं दुसऱ्याच्या १.१२२ पट असतं. अँबर आणि चार्म लिहितात पहिलं, तेही अर्धं करून, एका अणूच्या वाट्याचं. ग्रोमॅक्समध्ये अँबरचं फोर्स फील्ड घालताना लागतं दुसरं, पूर्ण. म्हणून त्याच कार्बनचा अँबरमधला १.९०८ अँगस्ट्रॉम ग्रोमॅक्समध्ये होतो ०.३४० नॅनोमीटर. नुसतं दहानं भागून ०.१९०८ लिहिलंत, तर कार्बन जवळजवळ निम्मा आक्रसतो.

आणखी गमती आहेत, भरभर सांगते. चार्मच्या फाइलमध्ये ओढीचा आकडा उणे चिन्हानं लिहितात. अँबरच्या फाइलमध्ये विद्युतभार १८.२२२३ नं गुणून ठेवलेला असतो, म्हणजे सोडियमचा साधा अधिक एक तिथे अठरा-सव्वाअठरा दिसतो. आणि तीन बंध सोडून बसलेल्या अणूंमधलं विद्युत आकर्षण अँबर १.२ नं भागतो, दुसरी ओढ २ नं. हे भागाकार यादीत त्या आकड्याशेजारी लिहिलेले नसतात. ते त्या घराची रीत म्हणून असतात.

माझे आठ ग्रॅम

आता माझी गोष्ट. जळगावला एमएस्सी करून मी पुण्यात एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टला होते. औषधासारखा एक छोटा रेणू, त्याचे आकडे एका शोधनिबंधात अँबरच्या रीतीनं दिलेले. मला ते ग्रोमॅक्समध्ये हवे होते. रूपांतर करून देणारी तयार साधनं असतात, पण मला वाटलं, चार गुणाकार तर आहेत! एक्सेल शीट काढली, ४.१८४ आणि १०० चे गुणाकार केले, आणि २ विसरले.

तीन आठवडे सिम्युलेशन चाललं. कुठेही बंद पडलं नाही, एकही सूचना आली नाही. बंधांची लांबी आम्ही पक्की बांधून ठेवली होती, तसं सर्रास करतात, त्यामुळे बंधांमधली चूक दिसलीच नाही. पण सगळे कोन निम्मे सैल झाले होते. ३३४.७२ च्या जागी १६७.३६. रेणू सहज वाकत होता, आणि प्रथिनाच्या खोबणीत मस्त बसत होता. मी खूश. आलेख काढले, ग्रुप मीटिंगमध्ये दाखवले, टाळ्या घेतल्या.

दोन आठवड्यांनी एका सहकाऱ्यानं तोच रेणू अँबरमध्ये चालवला आणि सहज म्हणून दोन्हीकडची ऊर्जा समोरासमोर ठेवली. अणू अगदी त्याच जागी, एकही पाऊल न हलवता. विद्युत ऊर्जा जुळली. बाकीची ओढही जुळली. कोनांची ऊर्जा माझ्याकडे निम्मी. थोडी कमी असती तर मी हुज्जत घातली असती. पण बरोब्बर निम्मी म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. असा स्वच्छ अर्धा निसर्गातून येत नाही, तो माणसाच्या हातून येतो.

सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या मीटिंगमध्ये पहिली स्लाइड हीच ठेव." ठेवली. त्या पाच मिनिटांत टाळ्या नव्हत्या. पुन्हा तीन आठवडे गणित चालवलं, आणि रेणू त्या खोबणीत पहिल्याइतका छान बसला नाही.

मंगळावर गेलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९९९ साली एका गटानं पौंडांत दिलेले आकडे दुसऱ्यानं न्यूटनमध्ये वाचले आणि यान गमावलं. ती चूक निदान सगळ्या जगाला कळली. आमच्या विषयातली चूक गप्प असते. ती सुंदर आलेख काढून देते.

एक आण्याचे सहा, तीन आण्यांचे एकोणीस

मग उपाय काय? उपाय जुनाच: दोन काट्यांवर तोला. एकच रेणू, अणू एकाच जागी, दोन प्रोग्रॅम. एकही पाऊल पुढे न टाकता ऊर्जा काढा. आणि एकूण बेरीज पाहू नका, प्रत्येक वाटा वेगळा पाहा: बंध, कोन, पीळ, ओढ, विद्युत. बेरीज कधीकधी योगायोगानं जुळते.

२०१६ साली मायकेल शर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच मोठ्या प्रमाणावर केलं. अँबर, चार्म, डेस्मंड, ग्रोमॅक्स आणि लॅम्प्स अशा पाच प्रोग्रॅमांत तेच रेणू तोलले. सगळ्या सेटिंग्ज नीट जुळवल्या तर फरक एक हजारांश भागापेक्षाही कमी राहतो, असं दिसलं. आणि राहिलेल्या फरकाचं एक मोठं कारण काय निघालं? विद्युत आकर्षणाच्या सूत्रातला स्थिरांक! अँबरच्या १८.२२२३ चा वर्ग केला की येतो ३३२.०५२२. चार्म धरतो ३३२.०७१६. ग्रोमॅक्सचा, कॅलरीत आणल्यावर, येतो ३३२.०६३७. निसर्गाचा नियम एक, पण प्रत्येक घरानं आपापल्या काळात आपापल्या ठिकाणी तो तोडला आणि तसाच ठेवला. बदलला तर जुने सगळे निकाल हलतात, म्हणून ठेवला.

आपल्याकडेही हे झालंय. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर पैसे, म्हणजे एक आण्याचे सव्वासहा. पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? मग ठरलं: एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एक-एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे, एकदम घेतल्या तर एकोणीस. कुणीही लबाडी केलेली नाही, आणि तरीही एक पैसा इकडचा तिकडे.

वहीत काय लिहायचं

तर मंडळी, आज सांगायचं होतं ते एवढंच. आकडा एकटा कधीच पुरत नाही. तो कुठल्या घरात लिहिला, कुठल्या सूत्रात बसवायला लिहिला, कुणाच्या रीतीनं तोडला, हेही त्याच्यासोबत यायला हवं. एकक बदलणं हा गुणाकार आहे, तो फोनसुद्धा करतो. रीत ओळखणं हे इतिहासाचं काम आहे. त्यासाठी मागे जाऊन विचारावं लागतं, हे कुणी लिहिलं आणि तेव्हा तोळा केवढा होता?

तुमच्यापैकी कुणी बायोइन्फॉर्मॅटिक्स किंवा केमिस्ट्री करत असाल, तर आपल्या फाइलच्या अगदी वरच्या ओळीत लिहून ठेवा: मूळ प्रोग्रॅम कोणता, अर्धा आहे की नाही, अंतर कुठलं, भार गुणलेला आहे का. दोन मिनिटं लागतात. माझे तीन आठवडे गेले, आणि चुकीचे आलेख आणखी पुढे गेले असते तर दुसऱ्या कुणाचे महिने गेले असते.

आणि पाटल्यांचं काय झालं? काकांनी आधीचा हिशोब खोडला. दोघी नातींच्या वाट्याला एकोणतीस-एकोणतीस ग्रॅम आले, वर उरलेला कण आजीनं देवासाठी ठेवला. मग तिनं मला वही पुढे करायला लावली. पाच तोळे या ओळीखाली मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं: जुने तोळे, अठ्ठावन्न ग्रॅम, काट्यावर तोलून.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत घरातली एखादी जुनी वही उघडा, आणि त्यातलं एखादं माप सापडलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. शेर, पायली, बिघा, काहीही चालेल. फक्त कुठल्या गावचं आहे, तेवढं सांगायला विसरू नका.